कागदावर नाशिक, घरात अंधार

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडं आटोपशीर करून):

"ताई, मी 31 वर्षांचा. गाव कऱ्हाडजवळ, नोकरीसाठी सहा वर्षं ठाण्यात. एका खासगी कंपनीत सेल्सला आहे. दोन वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, 'या शनिवार-रविवारी तू माझ्याबरोबर नाशिकला टूरवर आहेस असं दाखवतो. कुणी विचारलं तर हो म्हण.' मी हो म्हटलं. साहेबांचं बाहेर प्रकरण आहे हे मागाहून कळलं. तेव्हापासून महिन्यातून एक-दोनदा हे चालतं. वहिनींचा फोन आला की मीच सांगतो, सर मीटिंगमध्ये आहेत. टूरच्या बिलांवर माझंही नाव असतं. त्या दोन दिवसांत मला कुणी बघू नये म्हणून घरात दिवे न लावता बसतो. आईलाही टूरवर आहे असंच सांगतो.

एप्रिलमध्ये मला असिस्टंट मॅनेजर केलं. ती जागा खरं तर एका सहकारी मुलीची होती. ती माझ्याआधी दोन वर्षं लागलेली, तिचे आकडेही माझ्यापेक्षा चांगले. माझ्या प्रमोशनचे पेढे तिनंच आणले. मला ती वर्षभरापासून फार आवडते. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, 'शनिवारी गडकरीला नाटक आहे, येतोस?' त्या शनिवारी मी कागदावर नाशिकला होतो, नाही म्हणालो. परवा म्हणाली, 'माझं नक्की काय कमी पडलं रे? तू वरच्यांच्या जवळचा आहेस, तू सांग.' माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मित्र म्हणाला 'द अपार्टमेंट' हा सिनेमा बघ, हलकाफुलका आहे. बघितला आणि रात्रभर झोप नाही. मीही त्यातल्या बॅक्स्टरसारखी नोकरी सोडू का? बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत. त्या सहकारी मुलीला सगळं सांगितलं तर ती मला हो म्हणेल का?"
– एक वाचक, ठाणे

प्रिय मित्रा,

तुझ्या वयाचा भाचा आहे मला, म्हणून अरे-तुरे करते. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या साहेबांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा साहेब मागे पडले आणि एकच चित्र डोळ्यांपुढे राहिलं. शनिवारची संध्याकाळ आहे, खाली सोसायटीत पोरं खेळतायत, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतायत, आणि ज्या घराचं भाडं तू वेळच्या वेळी भरतोस त्याच घरात तू अंधारात बसला आहेस. हे वाचून मला वाईट वाटलं.

तुला झोप का लागली नाही ते मला समजतं. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी सांगते. 'द अपार्टमेंट' 1960 सालचा, बिली वाइल्डरचा. पटकथा त्याची आणि आय. ए. एल. डायमंडची. न्यूयॉर्कमधल्या एका अवाढव्य विमा कंपनीत बॅक्स्टर नावाचा कारकून आहे. मुख्य कचेरीतच 31,259 माणसं कामाला, त्यात याचं टेबल 19व्या मजल्यावर, नंबर 861. आठवड्याला हातात पडतात 94 डॉलर 70 सेंट. एकटा राहतो, आणि सेंट्रल पार्कजवळच्या आपल्या भाड्याच्या घराची किल्ली कंपनीतल्या चार साहेबांना आळीपाळीनं देतो. बायकोला चोरून मैत्रिणीला कुठं न्यायचं, हा त्यांचा प्रश्न त्यामुळे सुटतो. बदल्यात ते त्याच्या नावाची शिफारस करतात. ही गोष्ट मोठ्या साहेबाच्या, शेल्ड्रेकच्या कानावर जाते, आणि तो त्याला रागावण्याऐवजी किल्ली एकट्या स्वतःसाठी मागतो. बॅक्स्टरला काचेची केबिन मिळते. कचेरीतली लिफ्ट चालवणारी फ्रॅन क्युबेलिक त्याला मनापासून आवडते. शेल्ड्रेक त्याच्या घरी आणतो ती फ्रॅनच असते.

तुझ्या मित्राचंही चुकलं नाही. टेनिसच्या रॅकेटमधून स्पॅगेटी निथळणारा, बॅक्स्टर झालेला जॅक लेमन बघून कोण हसणार नाही? 10 ऑस्कर नामांकनं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह 5 पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट जगभर विनोदी म्हणूनच ओळखला जातो. पण त्या हसण्याच्या आत काय आहे, ते तुझ्यासारख्याला पहिल्या दहा मिनिटांतच दिसतं.

या कथेचं बीज वाइल्डरला 1945 सालच्या एका इंग्रजी चित्रपटात सापडलं. त्यात विवाहित पुरुष आणि विवाहित स्त्री एकमेकांत गुंततात आणि भेटायला एका मित्राचं घर मिळतं. बघणारे सगळे त्या दोघांचा विचार करत होते. वाइल्डरच्या मनात राहिला तो घर देणारा मित्र, ते दोघे निघून गेल्यावर त्याच अंथरुणावर येऊन पडणारा. त्या काळच्या अमेरिकेत अशी गोष्ट पडद्यावर येणं अवघड होतं, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहिली आणि अखेर 1960 साली तिचा चित्रपट झाला.

तुझं पत्र चारचौघांना दाखवलं तर ते साहेबांच्या प्रकरणाबद्दलच बोलतील. मला वाइल्डरसारखं त्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. तो तू आहेस.

तू लिहिलंस, 'मी तर घराची किल्लीसुद्धा दिलेली नाही, फक्त हो म्हणतो.' पत्र आटोपशीर करताना हे वाक्य गाळलं होतं, पण इथं त्याचं उत्तर द्यायला हवं. बॅक्स्टरला सर्दी झालेली असते ते आठवतं? रात्री झोपल्यावर एका साहेबाचा घर हवं म्हणून फोन येतो, आणि तो उठून थंडीत बागेतल्या बाकावर कुडकुडत रात्र काढतो. स्वतःचं घर असून बाहेर. तू घर असून आत, पण दिवे मालवून. किल्ली तुझ्या खिशात आहे एवढाच काय तो फरक. आपल्या घरात आपण केव्हा आहोत आणि केव्हा नाही, हे दुसरा माणूस ठरवतोय. कऱ्हाडला जायचं मनात आलं तर जाता येत नाही, कारण तू नाशिकला आहेस. आजारी पडलास तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाता येत नाही, कारण तू नाशिकला आहेस. यापेक्षा किल्ली दिली असतीस तर निदान कुठं तरी फिरून तरी आला असतास.

नाटकाचं म्हणशील, तर तू लिहिलेला तो प्रसंग वाचून मी पत्र खाली ठेवलं. चित्रपटात अगदी असंच आहे. किल्लीच्या मोबदल्यात शेल्ड्रेक बॅक्स्टरला ब्रॉडवेवरच्या गाजत असलेल्या नाटकाची दोन तिकिटं देतो. बॅक्स्टर हरखून जातो, फ्रॅनला विचारतो, आधी एकाला भेटायचंय, मग येते म्हणते. तो थिएटरबाहेर थंडीत वाट बघत उभा राहतो. ती येत नाही. ज्या किल्लीच्या बदल्यात तिकिटं मिळाली, तीच किल्ली तिला दुसरीकडे घेऊन गेलेली असते. तुला तर नाटकाचं आमंत्रण तिनंच दिलं होतं. तिच्या वाट्याची खुर्ची ज्या खोट्यातून तुला मिळाली, त्याच खोट्यानं तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली.

आता तुझे प्रश्न. तिच्याबद्दलचा सगळ्यात शेवटी विचारलास, पण माझ्या मते गाठ तिथंच आहे, म्हणून आधी तोच घेते.

बॅक्स्टर भला माणूस आहे यात शंका नाही. नाताळच्या आदल्या रात्री फ्रॅन त्याच्या घरात झोपेच्या गोळ्या घेते, तेव्हा तो तिची जिवापाड काळजी घेतो. शेजारचे डॉक्टर ड्रायफस तिला रात्रभर जागं ठेवून वाचवतात. पण नंतरचा एक छोटा प्रसंग परत बघ. बॅक्स्टर कचेरीत येताना मनातल्या मनात भाषणाची तालीम करत असतो, की मी शेल्ड्रेकना सांगणार, मिस क्युबेलिकची जबाबदारी आता माझ्यावर सोपवा, तुमची काळजी मिटली. पुढं शेल्ड्रेकच त्याला जवळजवळ त्याच शब्दांत सांगतो, की मीच तिला तुझ्या हातून माझ्याकडे घेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा प्रसंग माझ्या लक्षातही आला नव्हता. दोन पुरुष एका बाईला या हातातून त्या हातात देण्याघेण्याबद्दल बोलतायत, आणि त्यातला एक आपल्याला आवडलेला आहे! तिला काय हवंय हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही.

'तिला सगळं सांगितलं तर ती हो म्हणेल का,' या तुझ्या प्रश्नाचाही सूर मला तसाच लागला. सत्य हे तिला देण्याचं बक्षीस नाही रे, आणि तिचा होकार ही तुझ्या कबुलीची पावती नाही. तिनं तुला साधा, सरळ प्रश्न विचारलाय, माझं काय कमी पडलं. हा प्रश्न तिच्या कामाबद्दल आहे. गेले कित्येक महिने ती बिचारी रात्री स्वतःमध्ये खोट शोधत असेल. कुठं चुकले, कुणाशी नीट बोलले नाही, प्रेझेंटेशन कच्चं होतं का. त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे, आणि ते तू तिचं देणं लागतोस. आवडतेस हे तिला कधीच सांगितलं नाहीस तरी हे देणं राहतंच.

म्हणून ही दोन बोलणी वेगळी ठेव, एकाच दिवशी तर मुळीच करू नकोस. पहिलं बोलणं सहकारी म्हणून कर. ऑफिसच्या कँटीनमध्ये नको, बाहेर कुठं तरी चहाला बस आणि सरळ सांग: तुझं काहीही कमी पडलं नाही. दोन वर्षं मी साहेबांसाठी खोटं बोलत आलोय, माझी शिफारस त्यातून झाली असं मला वाटतं. एवढंच. रडू नकोस, माफ कर म्हणून हात धरू नकोस, कर्जाचं आणि बहिणीचं सांगू नकोस. ते सगळं खरं असलं तरी त्या क्षणी ते सांगितलं की ती तुझी समजूत काढत बसेल. तिला रागावायला मोकळी जागा दे.

आणि एक तयारी मनाशी ठेव, कारण सगळ्यात अवघड तीच आहे. हे कळल्यावर ती वर तक्रार करेल. करू शकते, तो तिचा हक्क आहे. तेव्हा तुला विचारलं जाईल. तेव्हा 'मला यात ओढू नकोस' म्हणायचं असेल, तर आज तिला काहीही सांगू नकोस, अशी माझी हात जोडून विनंती आहे. अर्धं सत्य सांगून तिला एकटीला पुढे उभं करणं हे आजच्या गप्प बसण्यापेक्षा वाईट होईल.

मी हे एवढ्या आग्रहानं का सांगते त्याला कारण आहे. तरुणपणी मी एका बँकेच्या शाखेत कारकून होते. आमच्यातली एक वरिष्ठ व्यक्ती दुपारीच निघून जायची, आणि हजेरीच्या वहीत तिची जाण्याची वेळ मी लिहायची. मला त्याबद्दल रजा सहज मिळायची, बदली टळायची. त्याच वर्षी माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलीला वेळेवर येत नाही म्हणून मेमो मिळाला आणि तिची लांब बदली झाली. तिचं मूल तान्हं होतं. निघताना ती मला म्हणाली, तू कसं गं सगळं सांभाळतेस, मलाच जमत नाही बघ. मी काही बोलले नाही. नंतर तिचा पत्ता शोधला, तोवर तिनं नोकरी सोडली होती. आज चाळीस वर्षं झाली, तिचं ते वाक्य गेलेलं नाही. ज्या प्रश्नानं तुझं तोंड बंद झालं, तसाच तो होता.

आता साहेब. त्यांना तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नकोस. दार लावून, दोन मिनिटांत, शांतपणे म्हण: 'सर, यापुढे टूरवर माझं नाव घालू नका. वहिनींचा फोन आला तर मी तुमच्या वतीनं काही सांगणार नाही.' ते हसतील, मग चिडतील, मग अप्रेजलची आठवण करून देतील. तू तेवढंच वाक्य पुन्हा म्हण. वहिनींचा फोन आलाच तर, 'मला माहीत नाही, तुम्ही सरांनाच विचारा.' त्यांच्या संसाराचं गुपित फोडायला तू जाऊ नयेस असं मला वाटतं. चित्रपटात शेल्ड्रेकची जुनी मैत्रीण आणि सेक्रेटरी मिस ओल्सन त्याच्या बायकोला फोन करून सगळं सांगते, पण तिचं दुखणं वेगळं होतं, ती स्वतः त्यातून पोळलेली होती. तू फक्त खोटं बोलायचं थांबव. आजवर बोललास त्याबद्दल वहिनींनी कधी तोंडावर विचारलं, तर मात्र खोटं बोललो म्हणून कबूल कर.

बिलांचं प्रकरण याहून वेगळं आहे आणि ते तू पत्रात एका ओळीत उरकलंस, त्याची मला काळजी वाटते. न झालेल्या टूरची बिलं म्हणजे कंपनीचे पैसे. त्यावर तुझं नाव आहे, कदाचित सहीही. उद्या काही निघालं तर साहेब हात वर करतील आणि कागदावर राहशील तू. हिशेबात खोट्या नोंदी करणं हा कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. म्हणून आजच बसून तारखांची यादी कर: कोणता शनिवार, कोणतं बिल, तुझ्या खात्यात त्यातले काही पैसे आले का. आले असतील तर ते बाजूला काढून ठेव, वापरू नकोस. मग नोकरीच्या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला एकदा भेट, आणि कंपनीला लेखी काय व कसं कळवायचं ते त्यांच्या सल्ल्यानं ठरव. तिच्याशी बोलण्याआधी हे कर, म्हणजे तिनं विचारलं तर तुझ्याकडे पक्की उत्तरं असतील.

नोकरी सोडण्याबद्दल माझं उत्तर, आज नाही. बॅक्स्टर वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेल्ड्रेकच्या हातात किल्ली ठेवतो. शेल्ड्रेक म्हणतो, ही तर साहेबांच्या खास स्वच्छतागृहाची किल्ली आहे, मला घराची हवी. बॅक्स्टर म्हणतो, बरोबर हीच दिली आहे, मला ती आता लागणार नाही. टाळ्या वाजवाव्या असा क्षण आहे. पण बॅक्स्टरवर हप्ते नव्हते, बहीण नव्हती, कऱ्हाडला आई नव्हती. तू राजीनामा फेकलास तर दोन महिन्यांत हप्ता चुकेल, आणि मग पुढचा साहेब जे सांगेल त्याला तू पहिल्यापेक्षा लवकर हो म्हणशील. नोकरी शोधायला आजपासून लाग, निदान तीन-चार हप्त्यांएवढी रक्कम बाजूला टाक, नोटीस पिरियड किती ते नेमणूकपत्रात बघून ठेव. 'नाही' म्हणायला मात्र नवी नोकरी मिळेपर्यंत थांबू नकोस. थांबलास तर त्या चौदा महिन्यांत आणखी वीसेक शनिवार अंधारात जातील. साहेबांनी त्यानंतर तुला काढलंच, तर तो त्यांचा निर्णय असेल आणि त्याला उत्तर द्यायला तुझ्याकडे तारखांची यादी असेल.

त्या किल्लीच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, तू ती नक्की पाहिली असशील. बॅक्स्टर किल्ली परत करतो तेव्हा फ्रॅन आपली होईल अशी त्याला काडीची आशा नसते. उलट ती शेल्ड्रेकबरोबर जाणार हे त्याला माहीत असतं. घर सोडायचं म्हणून तो सामान बांधायला घेतो. त्यानं दिलेला नकार तिच्या कानावर जातो तोही त्याच्याकडून नाही, शेल्ड्रेकच्याच तोंडून, कुरकुर करता करता. ती धावत येते तेव्हा त्याच्याकडे नोकरी नाही, उद्याचं घर नाही. तो प्रेमाची कबुली देतो आणि ती त्याला गुपचूप पत्ते वाटायला सांगते. 'हो' सुद्धा म्हणत नाही. मला हा शेवट फार आवडतो, कारण त्यात तिचं मन तिच्याजवळ राहतं.

तेव्हा आवडतेस हे सांगायचं असेल, तर ते सगळं निस्तरल्यावर, आणि ती तुझ्याशी बोलत असेल तर सांग. तुझी बढती तुझ्याकडे आहे आणि तू तिचा वरिष्ठ आहेस तोवर तर सांगूच नकोस. तिनं नाही म्हटलं तर ते नाही. तिच्या मनाचं मी सांगू शकत नाही, तूही सांगू शकत नाहीस.

ड्रायफस डॉक्टर बॅक्स्टरला त्यांच्या यिडिश भाषेतला एक शब्द सांगतात, मेन्श, म्हणजे माणूस. त्यांची समजूत अशी, की हाच रोज नवी बाई घरात आणतो. बॅक्स्टर ती समजूत दूर करत नाही, कारण खरं सांगितलं तर साहेबांचं नाव बाहेर येईल. स्वतःची बदनामी पत्करून तो त्यांची अब्रू राखतो. अपराध चुकीचा धरला तरी डॉक्टरांचा उपदेश त्याला बरोबर लागतो. त्या शब्दासाठी आपल्याला शब्दकोश उघडायला नको. तुझ्या आईनंही लहानपणी कान धरून तेच सांगितलं असेल, माणसासारखा वाग म्हणून. तुझ्या आईला अजून वाटतंय, की तू दर पंधरा दिवसांनी नाशिकला कामानं मर-मर मरतोस. ती तुझ्या जेवणाची काळजी करत असेल.

साहेबांशी सोमवारी बोल, त्याआधी यादी करून ठेव. नंतर काय झालं ते मला कळव, ते पत्र मी छापणार नाही. आणि येत्या शनिवारी संध्याकाळी खिडक्या उघड, घरात दिवा लाव, आणि आईला फोन करून सांग, की मी घरीच आहे.

तुझी,
ताई